समोरच्या बाजूचं भगंदर आणि तीन डॉक्टरांचे तीन सल्ले

प्रश्न : डॉक्टर, नाव छापू नका. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. मी 32 वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन मुलं, दोन्ही नॉर्मल. धाकट्याच्या वेळी खाली बरंच फाटलं होतं, टाके घातले होते. दीड वर्षापूर्वी संडासच्या जागेजवळ, पुढच्या बाजूला गळू आलं. चार दिवस ताप, बसता येईना. एका रात्री ते आपोआप फुटलं आणि एकदम मोकळं वाटलं. तेव्हापासून तिथे बारीक छिद्र आहे. आठ-दहा दिवस बंद असतं, मग ठणकतं, फुगतं, पू आणि रक्त येतं, पुन्हा बंद. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. घरात सगळे मूळव्याध समजतात, सासूबाईंनी तिखट बंद केलंय. मी रोज पॅड लावून कामावर जाते.

आता इथले सर्जन म्हणतात, छोटं आहे, उघडून टाकू, अर्ध्या तासाचं काम. पुण्यातल्या लेझरवाल्यांनी 90 हजारांचं पॅकेज सांगितलं. कापाकापी नाही, तिसऱ्या दिवशी कामावर. तिसऱ्या डॉक्टरांनी आधी एमआरआय सांगितला आणि म्हणाले, दोन ऑपरेशनं लागू शकतात. मिस्टर म्हणतात, हे पैसे काढायचे धंदे आहेत. माझा भाऊ म्हणतो, क्षारसूत्र करून घे. मला फक्त एकच भीती आहे. आमच्या शेजारच्या मावशींचं असंच काही ऑपरेशन झालं आणि त्यांना आता शी थांबवता येत नाही. माझं तसं झालं तर? आणखी एक, सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी टीबी झाला होता, गोळ्या पूर्ण झाल्या. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर :

ताई,

चौथ्यांदा लिहायला घेतलंत आणि पूर्ण केलंत, हे फार चांगलं झालं. दीड वर्षं पॅड लावून कॅश काउंटरवर बसणं म्हणजे काय, हे मला तपासायला येणाऱ्या बायकांच्या तोंडून ठाऊक आहे. बऱ्याच जणी तर हे सांगायच्या आधी दार नीट लागलंय ना, ते उठून बघतात.

ही मूळव्याध दिसत नाही. मूळव्याधीत मोड येतात, शौचाच्या वेळी लालभडक रक्त पडतं आणि बहुतेकदा दुखत नाही. फिशर, म्हणजे गुदद्वाराशी चीर, असेल तर शौचाला बसल्यावर काचेनं कापल्यासारखं होतं आणि नंतर तासभर आग होते. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. गळू येणं, फुटणं, छिद्र राहणं, ते बुजल्यासारखं होऊन पुन्हा वाहणं, ही भगंदराची, म्हणजे फिस्टुलाची चाल. आपल्याकडे त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याध म्हणायची सवय आहे, आणि त्या एका शब्दापायी माणसं वर्षानुवर्षं भलतीच मलमं लावत बसतात.

तरीही पत्रावरून निदान पक्कं करता येत नाही. छिद्र पुढच्या बाजूला आहे म्हणून दोन शक्यता आधी बाजूला काढायला हव्यात. योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना बार्थोलिन नावाच्या ग्रंथी असतात. त्यांतही पू होतो, गळू फुटतं, आणि छिद्र मागच्या अंगाला असेल तर पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण डॉक्टरांनी विचारायलाच हवी: योनीमार्गातून कधी वारा सरतो का, शौचाचा अंश किंवा तसा वास येतो का? बाळंतपणात फाटलेल्या जागी गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये वाट पडू शकते. तिचा उपचार निराळा असतो. असं काही होत असेल तर संकोच न करता सांगा. त्या एका वाक्यानं पुढचा सगळा बेत बदलतो.

आता हे होतं कसं. गुदद्वारापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत एक नागमोडी रेघ असते, तिच्या कडेला लहान लहान खिसे असतात आणि त्या खिशांत बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आत पू साठतो. तो बाहेर पडायला वाट शोधतो आणि कातडीखाली येऊन थांबतो. ते तुमचं गळू. गळू फुटलं किंवा कापून पू काढला की ताप उतरतो, ठणका थांबतो. पण मुळाशी असलेलं आतलं तोंड उघडंच राहिलं, तर तिथून जंतू आत जात राहतात आणि आतून बाहेरपर्यंत एक कायमची वाट तयार होते. गळू झालेल्यांपैकी ढोबळमानानं तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या लोकांना पुढे भगंदर होतं. सुश्रुतानं हे फार नेमकं हेरलं होतं. न पिकलेली ती पिडका आणि पिकून फुटली की भगंदर, असं तो सांगतो, म्हणजे एकाच रोगाच्या दोन अवस्था. भगंदराचे पाच प्रकार सांगताना त्यानं एकाला उंटाच्या मानेचं नाव दिलं, एकाला शंखाच्या वेढ्यांचं. वाट वाकडी जाते आणि तिचं वळण ओळखल्याशिवाय हात घालू नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून चार कोर्स होऊनही काही फरक पडला नाही. अँटिबायोटिक वाटेतल्या जंतूंना थोडे दिवस दाबतं, वाट बुजवत नाही. पाचवा कोर्स घेऊ नका. यात तुमचा काही दोष नाही, हेही ऐका. स्वच्छतेत कमी पडलात म्हणून नाही, काउंटरवर आठ तास बसता म्हणून नाही, आणि तिखटानं तर नाहीच नाही.

तुम्ही जी एकच भीती लिहिली आहे तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावरच ठरतो.

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एकात एक. आतलं कडं आपल्याला न विचारता काम करतं, झोपेतही आवळलेलं असतं. बाहेरचं कडं आपल्या हुकमातलं. चारचौघांत वारा रोखताना आपण तेच आवळतो. भगंदराची वाट आतून बाहेर येताना या कड्यांमधून किंवा त्यांच्यामधल्या फटीतून जाते. वाट उघडून टाकायची म्हणजे तिच्या छपरावर जे काही आहे ते कापायचं, आणि छपरात स्नायू असतो. थोडा असेल तर बिघडत नाही. जास्त असेल तर भगंदर बरं होतं आणि रोखण्याची ताकद जाते. शेजारच्या मावशींचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, पण असं होऊ शकतं, ही तुमची भीती खरी आहे.

बायकांत पुढच्या बाजूला बाहेरचं कडं मागच्या मानानं बरंच आखूड असतं. मागच्या बाजूला जेवढा भाग कापून खपून जातो तेवढाच पुढे कापला तर बरंचसं कडंच संपतं. त्यात तुमचं धाकट्याच्या वेळी फाटलेलं आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या नॉर्मल बाळंतपणानंतर बायकांच्या या स्नायूची सोनोग्राफी केली, तर सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या बायकांत स्नायूला इजा दिसली, आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच त्रास जाणवत नव्हता. म्हणजे आज तुम्हाला सगळं रोखता येतंय याचा अर्थ कडं पूर्ण शाबूत आहे असा होत नाही. कदाचित उरलेल्या भागावर काम चाललं असेल. तोच उरलेला भाग अजाणता कापला गेला तर?

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका तरुण बाईचं असंच पुढच्या बाजूचं भगंदर आमच्या युनिटनं उघडलं. प्रोब, म्हणजे वाट तपासायची बारीक सळई, सहज गेला, कातडीखालीच वाटला, कुणी स्कॅन केला नाही. जागा उघडी धरायचा रिट्रॅक्टर मीच धरून उभी होते. जखम सहा आठवड्यांत सुरेख भरली. तपासणीला आल्यावर तिनं मान खाली घालून विचारलं, "मॅडम, देवळात बसले की वारा आपोआप जातो, हे थांबेल ना?" ते पुढे थोडं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. तिचं भगंदर पुन्हा कधी आलं नाही, आणि कागदोपत्री ते ऑपरेशन यशस्वी म्हणूनच नोंदलं गेलं. त्यानंतर आजपर्यंत पुढच्या बाजूचं भगंदर असलेल्या एकाही बाईला मी तपासणी पूर्ण झाल्याशिवाय टेबलावर घेतलेलं नाही.

म्हणून एमआरआयबद्दल तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. प्रत्येक भगंदराला एमआरआय लागतोच असं नाही. मागच्या बाजूचं, कातडीलगतचं, पहिलंच, साधं असेल तर अनुभवी बोटांना ते कळतं. तुमच्या बाबतीत मात्र ते काही हजार रुपये मी वाचवणार नाही. स्कॅनवर वाट आणि साठलेला पू पांढरा चमकतो आणि स्नायूची कडी वेगळी दिसतात. वाट कड्याच्या किती भागातून जाते, तिला फाटा फुटलाय का, वर कुठे पू साठलाय का, आतलं तोंड घड्याळाच्या कितव्या आकड्यावर आहे, हे सगळं त्यात कळतं. नजरेतून सुटलेली एखादी फांदी आत राहून गेली की भगंदर पुन्हा येतं. पुन्हा पुन्हा ऑपरेशन होणाऱ्यांत हे कारण नेहमी सापडतं. सेंटरमध्ये 'एमआर फिस्टुलोग्राम' किंवा 'फिस्टुला प्रोटोकॉल' म्हणून सांगा, नुसतं पोटाचं किंवा ओटीपोटाचं स्कॅन नको. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून ठेवावी लागतात, अर्धा तास खडखडाटात न हलता पडून राहायचं, दुखत काही नाही. स्नायूची इजा बघायला गुदद्वारातून करायची सोनोग्राफी असते. ती जवळ कुठे होत असेल तर तुमच्यासारखीनं जरूर करून घ्यावी.

स्कॅनच्या आधी हातानं तपासणी होईलच, आणि ती कशी होते हे माहीत असलं की निम्मी भीती जाते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. अंगावर चादर असते. बाई नर्स खोलीत हवी, ते मागायचा तुमचा हक्क आहे. डॉक्टर आधी नुसतं बघतात. मग छिद्रापासून आतल्या दिशेनं कातडीवर बोट हलकेच फिरवतात. वाट कातडीजवळ असेल तर बोटाखाली सुतळीसारखी ताठ रेघ लागते आणि दाबल्यावर छिद्राच्या तोंडाशी पुवाचा एक थेंब येतो. जेली लावून बोट आत गेलं की पुढच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा टणक ठिपका लागू शकतो. ते आतलं तोंड. एवढंच. अस्वस्थ वाटतं, पण फार दुखू नये. बाह्यरुग्ण विभागात कुणी भुलीशिवाय सळई घालायला लागलं तर नको म्हणा. जोर लागला की सळई स्वतःची नवी वाट पाडते, आणि एका भगंदराची दोन होतात. सळईचं काम भुलीखाली, ऑपरेशनच्या टेबलावर. तिथे बाहेरच्या छिद्रातून हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब सोडले की आतल्या भिंतीवर एकाच ठिकाणी पांढरा फेस उमटतो, आणि शोधत असलेलं तोंड सापडतं.

तुमच्या गावचे सर्जन जे म्हणतात ते ऑपरेशन मुळात वाईट नाही. वाट उघडून तळापासून भरू देणं हा भगंदराचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. योग्य जागी केलं तर 100 पैकी 90 हून जास्त लोक बरे होतात. भगंदराची वर्गवारी आजही जगभर वापरतात ती लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या ॲलन पार्क्स यांनी 400 रुग्णांच्या अभ्यासावरून 1976 साली मांडलेली, आणि तिचा सगळा आधार एकाच प्रश्नावर आहे: वाट स्नायूच्या कुठून जाते? तो प्रश्न सुटायच्या आधी "उघडून टाकू" म्हणणं मला मान्य नाही. तुमच्या बाबतीत, छिद्र पुढे, जुने टाके, वयाची अजून 50 वर्षं काढायची, उघडून टाकायचा बेत अगदी कातडीलगतच्या वाटेसाठीच ठेवावा.

लेझरबद्दल. बारीक तंतू वाटेत घालून तिच्या भिंती आतून जाळतात, म्हणजे ती आक्रसून बुजावी. स्नायू कापला जात नाही, ही त्याची खरी जमेची बाजू, आणि म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण निरनिराळ्या अहवालांत ढोबळमानानं दहातले सहाच्या आसपास रुग्ण त्यानं बरे होतात. उरलेल्या चौघांची वाट पुन्हा उघडते. हा आकडा तुम्हाला त्या सेंटरमध्ये कुणी सांगितला का? स्कॅन न करता, तपासणीआधीच पॅकेज ठरलं, याचा मला राग येतो. आत पुवाचा कप्पा असेल किंवा वाटेला फाटा असेल तर तंतू मुख्य वाटेतून जाईल, फाटा तसाच राहील, आणि तुमचे 90 हजार गेलेले असतील. स्कॅन नीट पाहून, आकडे समोर ठेवून एखादा सर्जन लेझर सुचवत असेल तर ती गोष्ट निराळी.

आता ते तिसरे डॉक्टर. मिस्टरांना त्यांचा संशय येतोय, पण तुमच्या पत्रातलं मला सर्वांत पटलेलं बोलणं त्यांचंच आहे. दोन टप्पे का, ते सांगते. मुलीचे कान टोचल्यावर छिद्र बुजू नये म्हणून आपण दोरा किंवा कडुनिंबाची काडी ठेवतो, तसा पहिल्या टप्प्यात भगंदराच्या वाटेतून एक मऊ धागा किंवा सिलिकॉनची बारीक नळीसारखी दोरी ओवून सैलसर गाठ मारतात. याला सेटन म्हणतात. वाट उघडी राहते, पू साठत नाही, गळू पुन्हा होत नाही, आणि सूज उतरून वाट दोरीसारखी सरळ, पक्की होते. दीड-दोन महिने, कधी जास्तही, तो धागा तसाच राहतो. त्यावर आंघोळ करता येते, कामावर जाता येतं. थोडं वाहतं, पॅड लागतो, पण ठणका जातो, आणि तुमच्यासारखीला तेवढ्यानंच पहिल्यांदा शांत झोप लागते.

दुसऱ्या टप्प्यात आतलं तोंड बंद करायचं, स्नायू न कापता. लिफ्ट नावाची पद्धत थायलंडचे सर्जन अरुण रोजनासकुल यांनी 2007 मध्ये मांडली. दोन कड्यांमधल्या फटीत छोटा छेद घेऊन तिथेच वाट शोधायची, दोन्ही बाजूंनी टाक्यानं बांधायची आणि मध्ये तोडायची. दहातले सहा-सात जण यानं बरे होतात. लेझरहून फार वेगळा आकडा नाही, हे कबूल करते; पण ही पद्धत फसली तरी मागे राहणारी वाट बऱ्याचदा आखूड असते आणि पुढचं काम सोपं होतं, म्हणून मी तिच्याकडे झुकते. दुसरा मार्ग आतल्या अस्तराचा पातळ पदर सरकवून तोंडावर झाकण शिवायचा, त्याला फ्लॅप म्हणतात. तुमच्या स्कॅनवर स्नायूची मोठी इजा दिसली तर सर्जन स्नायू दुरुस्त करण्याचाही विचार एकत्रच करतील. यातलं काय, हे स्कॅन पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.

भावाचा सल्ला मी हसण्यावारी नेत नाही. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे 21 थर देऊन सुकवलेला दोरा. तो वाटेत ओवतात, दर आठवड्याला बदलतात, आणि तो वाट हळूहळू कापत आणि मागून भरत आणतो. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनं अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली होती. 1991 साली आलेल्या त्या निष्कर्षांत क्षारसूत्रानंतर भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण 100 मागे 4 होतं, शस्त्रक्रियेनंतर 11. भरायला मात्र क्षारसूत्राला 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेला 4. हे आकडे चांगले आहेत. मी स्वतः मागच्या बाजूच्या साध्या भगंदराचे रुग्ण आयुर्वेद महाविद्यालयाच्या शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेच्या विभागात पाठवले आहेत. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच की हा दोरा हळू का होईना, कापतो. वाटेत स्नायूचा मोठा भाग असेल तर तोही कापला जातो. म्हणून तिथे गेलात तरी स्कॅन घेऊन जा, शल्यतंत्रात एमएस झालेल्या वैद्यांकडेच जा, आणि माझाच प्रश्न त्यांनाही विचारा: माझा स्नायू किती कापला जाईल? घरगुती दोरा, पावडरी, एका इंजेक्शनात इलाजाच्या पाट्या, यांच्या वाटेला जाऊ नका. क्षार भलत्या जागी गेला की जळालेलं कडं पुन्हा उभं करणं फार अवघड असतं.

टीबीचं तुम्ही विचारलंत, ते फार बरं केलंत. भगंदर असणाऱ्या बहुतेकांना टीबी नसतो. पण आपल्या देशात टीबीमुळे झालेली भगंदरं आम्हाला भेटतात. तुम्ही कितीही चांगलं ऑपरेशन करा, ती भरत नाहीत, आणि गोळ्या सुरू झाल्या की भरू लागतात. घरात टीबी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. छातीचा एक्स-रे काढतीलच. ऑपरेशनच्या वेळी वाटेच्या भिंतीचा तुकडा तपासणीला जातो, आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे जी मी माझ्या नर्सना दर वेळी आठवण करून देते. बाटल्या दोन हव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, आणि टीबीचे जंतू शोधायच्या चाचणीसाठीचा दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही. मिस्टर ऑपरेशन थिएटरबाहेर असतील, त्यांनाच हे काम द्या. "दोन बाटल्या आहेत ना?" एवढं विचारलं की झालं.

याखेरीज महिनोन्महिने जुलाब, पोटात कळा, वजन उतरणं, तोंडात वारंवार फोड, असं काही असेल तर सांगा. क्रोन नावाच्या आतड्याच्या आजारात भगंदर हे पहिलं लक्षण असू शकतं, आणि मग आधी आतड्याचा इलाज लागतो. रक्तातली साखर तपासून घ्या. ती वाढलेली असली तर कुठलीच जखम धड भरत नाही.

तोपर्यंत घरी काय करायचं? मोठ्या घमेल्यात किंवा टबात सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं बसा. डेटॉल नको, मीठही नको, नुसतं पाणी. शौच मऊ राहील इतकं ताक, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी, पाणी, आणि लागलं तर रात्री इसबगोल. तिखटाबद्दल मी वर लिहिलंय ते सासूबाईंना माझं नाव सांगून दाखवा. मुलांना, मिस्टरांना तुमच्यापासून याचा संसर्ग होत नाही. संबंध ठेवायला दुखत नसेल तर हरकत नाही. पण पुन्हा ताप आला, ठणका रात्रीची झोप उडवू लागला, सूज पसरली किंवा लघवी अडली, तर ती वाट बघायची वेळ नाही. त्याच दिवशी जवळच्या सर्जनकडून पू काढून घ्या, त्या दिवशी एमआरआयसाठी थांबू नका. फक्त त्यांना सांगा की पू तेवढा काढा, वाट उघडू नका.

ऑपरेशननंतर जखम बाहेरून मिटलेली दिसली म्हणजे बरी झाली असं नाही. ती तळापासून भरायला हवी, म्हणून ड्रेसिंगला येणं टाळू नका. टाके एक-दोन ठिकाणी सुटले आणि थोडं वाहू लागलं तर लगेच "फसलं" म्हणून रडत बसू नका. आठ-दहा आठवडे जाऊ द्या, मग ठरवू. पतसंस्थेत किमान दोन आठवड्यांची रजा टाका, आणि तिसरं मूल हवं असेल तर ते आत्ताच सर्जनना सांगा, कारण दुरुस्तीनंतरची डिलिव्हरी सिझेरियननं करायची का, हा विचार आधीच व्हावा.

पैशाचं म्हणाल तर हे सगळं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांतही होतं, आणि तिथल्या सर्जननी भगंदरं भरपूर पाहिलेली असतात. महात्मा जोतिराव फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा.

जाताना धाकट्याच्या डिलिव्हरीचा डिस्चार्ज कागद शोधून घेऊन जा. किती फाटलं होतं, कितव्या दर्जाचं, त्यात लिहिलेलं असतं, आणि नसेल तर जिथे डिलिव्हरी झाली तिथून मागून घ्या. मिस्टरांना बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. डॉक्टरांना म्हणा, माझी वाट आणि माझा स्नायू कागदावर काढून दाखवा. तिसऱ्या डॉक्टरांकडे स्कॅन घेऊन गेलात की ते दोन गोल काढतील, एकात एक, आणि त्यांतून जाणारी एक रेघ. ती रेघ बघितली की दोन ऑपरेशनं का, हे मिस्टरांना तुम्ही समजावायची गरज राहणार नाही. स्कॅनचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा, मी वाट बघते आहे.